जावकेचा रकाना

मुसिनाच्या ठाण्यातून माझी बदली निघाली,
म्हणून जुन्या कोठडी-वह्या मोजून द्यायच्या आहेत
लिव्हुवानीला. माझ्या जागी ती येतेय.
एकोणतीस वह्या, तारेने बांधलेला गठ्ठा.
एक उंदरांनी कुरतडलीय,
एकीवर कुणीतरी चहाचा मग ठेवून उठलंय
आणि तो गोल डाग
तीन माणसांच्या जन्मतारखांवर बसलाय.

वही पाचवी, पान एकशे बारा. अक्षर माझं.

वेळ: रात्री अकरा चाळीस.
ठिकाण: टॅक्सी थांबा, पुलाकडचा रस्ता.
सबब: परदेशी असल्याचा संशय, कागद तपासणे.
अंगावर मिळालेल्या वस्तू: मोबाइल एक, काच फुटकी.
त्रेसष्ट रँड. तारेचं वेटोळं.
नाव

(रकाना दीड बोटाचा)

मी विचारलं. तो म्हणाला, तफिरेन्यिका.
लिहीत गेले, आणि 'तफिरे'पाशी रेघ आली.
काउंटरवर वाकून तो उलटं वाचत होता.
"बाई, देश राहिला."
मला वाटलं, नागरिकत्वाचं म्हणतोय.
म्हटलं, तो रकाना पुढे आहे, दम धर.
"नावातला देश. न्यिका म्हणजे देश.
लढाईहून परतलेल्या बापाने ठेवलेलं नाव:
आम्ही मेलो देशासाठी.
तुम्ही लिहिलंत, आम्ही मेलो.
कशासाठी, ते रेघेबाहेर गेलं."
कॉन्स्टेबल हसला. मीही हसले असेन.
खाडाखोड चालत नाही वहीत.

माझी मावशी नदीपलीकडे राहते.
तिची शेरडं कोरड्या पात्रातून अलीकडे येतात, चरतात,
संध्याकाळी घरी जातात.
त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.
आमच्या कॉन्स्टेबलची एक पद्धत होती:
संशयिताला कोपर दाखवून विचारायचं, याला काय म्हणतात?
झुलूत उत्तर आलं तर आपला.
मला ते कधी पटकन आठवायचं नाही.
मी गणवेशात असायचे, म्हणून मला कुणी विचारलं नाही.

दर तासाला चक्कर, असा नियम.
एक वाजता: पाहणी केली, सर्व ठीक.
दोन वाजता: सर्व ठीक.
तीन. चार. पाच. सर्व ठीक.
लिव्हुवानी पान खिडकीकडे धरते.
एकाच शाईची, एकाच कलाची,
एका दमात ओढलेली अक्षरं.
ती काही बोलत नाही. पान मात्र उलटत नाही.

मग तिचं बोट सरकत जातं उजव्या कडेला:
जावक. वेळ, कुणाच्या ताब्यात, सही.
कोरं.
वस्तू परत मिळाल्याची सही, तीही कोरी.

सहाला पुलाकडे जाणारा ट्रक आला होता,
एवढं आठवतं. अकरा माणसं चढली.
त्यांत तो होता का?
की कॉन्स्टेबलने त्रेसष्ट रँडवर मागच्या दाराने सोडला?
मी तेव्हा तोंड धूत होते.
तीन वर्षं होतील जूनमध्ये.
आज भरलं तर खोटी नोंद.
नाही भरलं तर मजकूर इसम
अजून दोन नंबरच्या कोठडीत,
अर्ध्या नावाने, सर्व ठीक.

पेन माझ्या खिशात होतं. टोपण काढलं, लावलं.
लिव्हुवानी म्हणाली, "ही तार चांगली आहे.
गठ्ठ्याला कुणी बांधली?"
तांब्याची, बारीक. एका टोकाला
मुलांच्या खेळण्यातल्या गाडीचं असावं तसं
एक चाक वळवून अर्धवट सोडलेलं.
मी म्हटलं, माहीत नाही.

ती उठली. खिळ्यावरची किल्ली घेतली.
बोळातून तिच्या बुटांचा आवाज जात राहिला,
मग कुलूप, मग दार, मग बराच वेळ काहीच नाही.
परत आली तेव्हा तिने वही पुढे ओढली
आणि आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.